२०१८ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर मुलांना आईवडिलांपासून तोडण्याला तिथल्या लोकांचा पाठिंबा होता का?

बहुसंख्यांचा नव्हता. विनापरवाना सीमा ओलांडणाऱ्या पालकांना खटल्यासाठी कोठडीत टाकायचे आणि मुले वेगळी ठेवायची, असे ट्रम्प सरकारचे ते धोरण होते. क्विनिपिॲक विद्यापीठाच्या जून २०१८ च्या जनमत चाचणीत ६६ टक्के मतदार विरोधात आणि २७ टक्के बाजूने होते. रिपब्लिकन मतदारांत मात्र ५५ टक्क्यांचा पाठिंबा होता. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण त्याच सुमारास अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला साडूभाऊंच्या घरी भर पंगतीत आमचा यावरून खटका उडाला होता.

सीमेवरच्या केंद्रात रडणाऱ्या मुलांचे ध्वनिमुद्रण टीव्हीवर लागताच साडूभाऊंनी आवाज बंद केला आणि श्रीखंड वाढता वाढता म्हणाले, "कायदा मोडला की पोरं दुरावणारच. आपण नाही का रांगेत उभे राहून आलो?" या रांगेची, म्हणजे रीतसर व्हिसा काढून आल्याची, मिजास आपल्या लोकांत फार आहे. वास्तविक पहिल्यांदा विनापरवाना सीमा ओलांडणे हा तिथल्या कायद्याने किरकोळ गुन्हा आहे. कित्येक पालकांच्या बाबतीत कोठडीत गेलेले दिवसच न्यायालयाने शिक्षा म्हणून धरले, पण ते परत येईपर्यंत मुलाची 'एकटे आलेले' अशी नोंद होऊन त्याची रवानगी दूरच्या निवाऱ्यात झालेली असे, आणि कोणते मूल कोणाचे याचा ताळमेळ सरकारी दप्तरांत धड नव्हता. हे सगळे मी ऐकवले, तेही कोणाला? मेहुणीचा आणि भाचीचा व्हिसा मुंबईत अडकला होता तेव्हा रात्री-अपरात्री फोन करून "लेकराला बापापासून तोडतात, यांना माणुसकी आहे का?" असे विचारणाऱ्या गृहस्थांना. त्याची आठवण दिली, तर "ते वेगळं" एवढेच उत्तर आले.

विरोध केवळ डेमोक्रॅट मंडळींचा होता असेही नाही. माजी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या पत्नी लॉरा बुश यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून या धोरणाला क्रूर म्हटले. २० जूनला ट्रम्प यांनी आदेश काढून ताटातूट थांबवली आणि २६ जूनला सॅन डिएगोचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी मुले पालकांकडे सोपवण्याची मुदत घालून दिली.

अर्थात ताटातुटीला विरोध करणाऱ्या सर्वांनाच सीमा मोकळी हवी होती असे नाही, आणि चाचणीत प्रश्न कसा विचारला यावरही आकडे हलतात. तरीही कोणी "अख्ख्या अमेरिकेला हेच हवे होते" म्हणाला, तर त्याला आकडे नंतर दाखवा. स्वतःच्या कुटुंबाचा व्हिसा अडकला होता तेव्हा तो काय बोलत होता, हे आधी विचारा आणि "ते वेगळं" म्हणाला तर कसे वेगळे, हे सांगितल्याशिवाय त्याला पानावरून उठू देऊ नका.