पुन्हा पुन्हा मेंदूज्वर का होतो?

प्रश्न: माझ्या 17 वर्षांच्या मुलाला दुसऱ्यांदा मेनिंगोकॉकल मेंदूज्वर झाला. डॉक्टर म्हणतात कॉम्प्लिमेंट तपासा. म्हणजे काय हो?

उत्तर: ताई, डॉक्टरांनी बरोबर पकडलंय. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली प्रोटीन्स, त्यातली सी5 ते सी9 मिळून जंतूच्या आवरणाला भोक पाडतात, आणि यातलं एक जरी जन्मतः नसलं ना तर एरवी मूल ठणठणीत असतं पण नेमका हाच मेंदूज्वराचा जंतू, मेनिंगोकॉकस, पुन्हा गाठतो. मुलगा पूर्ण बरा झाला की सीएच50 करा, म्हणजे कॉम्प्लिमेंट नीट काम करतंय का ते बघणारी रक्ततपासणी, सॅम्पल लगेच थंड ठेवायला सांगा नाहीतर रिपोर्ट उगाच कमी येतो. दोष सहसा आईवडील दोघांकडून येतो, म्हणून सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा, प्रत्येकाला 25 टक्के शक्यता. लस घ्याच, पण नंतरही ताप आला तर थेट हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबू नका प्लीज.