झोपेत श्वास घ्यायचं आपण विसरत का नाही?

तुम्ही विचारलंय की झोपेत श्वास कोण चालू ठेवतं आणि मेंदू विसरला तर काय होईल. मी नागपुरात ओटी टेक्निशियन आहे, भूल दिलेले पेशंट रोज समोर असतात, त्यामुळे थोडं त्यावरूनच सांगतो.

श्वासाची व्यवस्था मेंदूत दोन ठिकाणी आहे. बोलताना, फुंकताना, दम रोखताना वरचा कॉर्टेक्स काम करतो, तो आपल्या मर्जीचा भाग. बाकी वेळ सगळं खाली मेड्युलाकडे, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाकडे, तिथे प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स म्हणून पेशींचा छोटासा पुंजका आहे, १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी तो ओळखला, श्वासाची लय तिथून निघते आणि मणक्यातून मानेपर्यंत येऊन फ्रेनिक नर्व्हने डायफ्रामला, म्हणजे छातीखालच्या श्वासाच्या स्नायूच्या पडद्याला, पोचते. जागे असा की झोपलेले, मिनिटाला १२ ते २० वेळा.

आता जे बहुतेकांना माहीत नसते ते सांगतो, दम रोखल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही तर कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. तो मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरला की तिथे आम्लता वाढते आणि मेड्युलाजवळच्या पेशी लगेच जोर लावतात, मग तुम्ही कितीही ठरवा, श्वास घ्यावाच लागते. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या कॅरोटिड धमनीपाशी आहेत, पण त्या जोरात जाग्या होतात ते ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर.

विसरणं खरंच होते बरं का. ऑपरेशननंतर फेंटानिलसारख्या जोरदार वेदनाशामक औषधाचा असर राहिला की मेड्युला सुस्तावते, पेशंट शांत पडलेला, छाती हलत नाही, आपण कानाशी म्हटलं "काकाजी, मोठा श्वास घ्या" की छान घेतात आणि पुन्हा थांबतात, कारण कॉर्टेक्स ऐकून राहिला पण आपोआपवाला भाग झोपलेला. जास्तच झालं तर डॉक्टर त्यावरचा उतारा, नालॉक्सोन, देतात. काही बाळांना तर फॉक्स२बी जीनमधल्या बिघाडामुळे जन्मतःच हा त्रास असते, त्यांना झोपताना व्हेंटिलेटर लागतो, काहींना जागेपणीही.

आणि पोहणाऱ्या पोरांनो, पाण्याखाली जास्त वेळ राहायला आधी भराभर श्वास घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ऑक्सिजन काही खास वाढत नाही, मग श्वासाची ओढ यायच्या आधीच पाण्यात शुद्ध जाते.