पिलाताविषयी विचारणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. पंतय पिलात म्हणजे येशूला क्रूसावर देणारा, यहूदीया प्रांताचा रोमी अधिकारी. त्याच काळातला यहुदी विचारवंत फिलो याने रंगवलेला पिलात लाचखाऊ, क्रूर, चौकशीविना माणसे मारणारा. शुभवर्तमानांतला, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांतला, पिलात मात्र येशूला सोडू पाहणारा आणि जमावापुढे नमणारा. ‘यांतला खरा कोणता, आणि प्रबंधात कोणता घेऊ?’ असे तू विचारतेस. हा प्रश्न तुझ्या हातून इतक्या लवकर यायला नको होता. वर्णन कोणाला ऐकवण्यासाठी लिहिले, हे आधी ठरव.

फिलोचेच घे. ज्या मजकुरात पिलाताच्या दुष्कृत्यांची ती यादी येते, तो मजकूर फिलोने यहुदी राजा आग्रिप्पाचे रोमचा सम्राट कालिगुला याला लिहिलेले पत्र म्हणून दिला आहे. कालिगुलाला यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा होता आणि त्याला थोपवायचे, तर आधीच्या सम्राटाचा दाखला देणे हाच मार्ग होता. म्हणून तिथे ढालींची हकिकत येते: पिलाताने सोन्याचा मुलामा दिलेल्या ढाली यरुशलेमेत लावल्या आणि तिबेरियसने, म्हणजे त्या आधीच्या सम्राटाने, त्याला खडसावून त्या कैसरियाला हलवायला लावल्या. तिबेरियस जितका उजळ दिसायला हवा, तितका पिलात काळा होणे भाग होते. फिलो खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. पाणी आणण्याच्या कामासाठी पिलाताने मंदिराचा निधी वापरला, तेव्हा ओरडणाऱ्या जमावात त्याने साध्या वेशातले दंडुकेधारी शिपाई मिसळले होते, हे यहुदी इतिहासकार जोसेफसही सांगतो. पण ऐकणारा कोण, हे विसरून वाचलेस तर हातात फक्त शिव्या उरतील.

शुभवर्तमानांचे ऐकणारे वेगळे होते. इ. स. 64 च्या आगीनंतर सम्राट नीरोने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारले, 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, आणि तरीही या मंडळींना रोमच्याच अमलात राहायचे होते. आपल्या प्रभूला रोमी अधिकाऱ्याने क्रूसावर दिले, ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती; मग त्या अधिकाऱ्यालाच तो निर्दोष वाटला होता, हे सांगणे किती निकडीचे झाले असेल! लूकच्या शुभवर्तमानात पिलात ते तीनदा म्हणतो. हात धुण्याचा प्रसंग एकट्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि लगेच पुढच्या वचनात लोक येशूचे रक्त स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर ओढवून घेतात. त्या एका वचनाचा भार यहुदी समाजाने शतकानुशतके वाहिला. सरसकट सगळ्या यहुद्यांना दोषी धरता येणार नाही, असे कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले ते 1965 मध्ये. आपले मराठी बायबल तर पिलाताला ‘सुभेदार’ म्हणते. शब्द इतका घरचा आहे की डोळ्यांपुढे यहूदीया न येता मराठेशाही येते. तोही ऐकणाऱ्यासाठीच निवडलेला शब्द आहे, हे ध्यानात ठेव.

तुझ्या वयाचा असताना मी दोन्ही पिलातांची सरासरी काढली होती. ‘कठोर परंतु दुबळ्या मनाचा प्रशासक’ हे माझे वाक्य एका विद्यार्थी-पुस्तकात छापले गेले, मुलांनी ते पाठ केले आणि त्यासाठी मीच त्यांना वर्षानुवर्षे गुण दिले. असा माणूस ना फिलोच्या पानावर आहे, ना लूकच्या. पुढे नव्या आवृत्तीतून ते वाक्य काढायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा मी पुस्तकावरून माझे नाव काढून घेतले. सहकारी मला हेकट म्हणाले. म्हणोत. तो हेका मी आधी धरला असता, तर इतकी मुले माझ्यामुळे चुकली नसती. म्हणूनच तुझ्या आराखड्यातला ‘समतोल निष्कर्ष’ हा मथळा पाहून मला राग आला. समतोल साधायला निघालीस की ऐकणारा हटकून निसटतो.

‘निदान शिलालेख तरी खोटे बोलत नाही,’ असे तू शेवटी लिहिले आहेस. 1961 मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात सापडलेला, पिलाताचे नाव कोरलेला तो चुनखडीचा दगड पुन्हा नीट पाहा. कोणीतरी तो नंतर पायरीच्या कामाला वापरला होता, त्यामुळे एक बाजू गेली आहे. पिलाताच्या हुद्द्याच्या शब्दाची शेवटची काही अक्षरे तेवढी उरली आहेत. बाकीची आपण भरून वाचतो. पिलाताचे नाव दुसऱ्या ओळीत आहे. त्याच्या वर, पहिल्या ओळीत, तिबेरियसच्या नावाच्या वास्तूचा उल्लेख आहे. दगड कोणासमोर बोलतो आहे, ते तिथेच लिहिलेले आहे.

रविवारी येताना लूकचा तेरावा आणि तेविसावा अध्याय शेजारी शेजारी उतरवून आण. तेराव्याच्या आरंभी, पिलाताने गालीलकरांचे रक्त त्यांच्या यज्ञबलींत मिसळले, असे लोक येशूला सांगतात. एकच लेखक, दोन पिलात. फिलो तोवर मिटून ठेव.

कळावे,
तुझे सर