नाताळ आला, पण मला काहीच वाटत नाही

प्रश्न : ताई, लहानपणी नाताळच्या आदल्या रात्री मला झोप यायची नाही. आता मी ४३ वर्षांची आहे. तारा लावते, येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी मांडते, सगळ्यांसाठी भेटी आणते, आणि २५ तारखेला दुपारी कधी एकदा सगळे आपापल्या घरी जातात असं होतं. ‘नाताळचा आनंद’ म्हणतात तो नेमका काय असतो? माझा कुठे हरवला? माझी श्रद्धाच कमी झाली का?

उत्तर : श्रद्धेचं तुमचं तुम्हीच पाहा. मला तरी पत्रात दमणूकच जास्त दिसली. लावते, मांडते, आणते. ‘बसते’ कुठेच नाही.

लहानपणी झोप यायची नाही, कारण तेव्हा तुमच्याकडे एकच काम होतं, वाट बघण्याचं. बाकीचं कुणीतरी दुसरं करत होतं. ते ‘दुसरं कुणीतरी’ आता तुम्ही आहात. मला हे आई गेल्यावर कळलं. त्या डिसेंबरात गव्हाणीचा खोका पहिल्यांदा मी उघडला. प्रत्येक मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि गाढवाच्या पुडक्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी : ‘डावा कान सांभाळून. दोनदा चिकटवलाय.’ त्या गाढवाचा कान कधी तुटला होता, हेच मला ठाऊक नव्हतं! नाताळ आपोआप येतो, अशीच माझी समजूत.

गंमत म्हणजे बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, गाढव नाहीच. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून जन्माचा प्रसंग उभा केला. त्या बाळाला कशाकशाची उणीव होती, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि आपण आता तीच गव्हाणी मांडताना यंदा दिव्यांची माळ कमी पडली म्हणून खट्टू होतो.

आनंद ओसरण्याचं दुसरं कारण मला कॅलेंडरात दिसतं. जुनी रीत अशी की नाताळआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे येशूच्या जन्माची वाट बघण्याचे. उपासनेत जांभळा रंग, सूर संयमाचा. खरा सण २५ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि बारा दिवस चालायचा, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, म्हणजे ज्ञानी लोक बाळाच्या दर्शनाला आले त्याचा सण, येईपर्यंत. आता नोव्हेंबर संपायच्या आत गाणी वाजायला लागतात आणि २६ तारखेला झाड उतरवलेलं असतं. वाट बघायचे दिवस साजरे करण्यात जातात, साजरे करायचे दिवस आवराआवरीत. २५ तारीख उजाडेपर्यंत जीव विटलेला असतो. विटणारच.

काहींचा आनंद घरातलं माणूस गेल्यामुळे जातो. त्याला ‘हरवला’ म्हणू नका. ते दुःख आहे, आणि नाताळच्या दिवशी त्याला हसऱ्या चेहऱ्याची सक्ती करू नये.

तर आनंद म्हणजे काय? ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्याचा अर्थ जन्म, एवढाच. येशूच्या जन्मावेळी ज्या गावात उतारशाळेत जागा नव्हती, तिथे गव्हाणीत जागा निघाली. कुणासाठी तरी सरकून बसणं, माझ्यापुरता नाताळ तेवढाच. पण दमलेल्या माणसाला सरकायलाही त्राण लागतं, म्हणून आधी ओझं उतरवा.

यंदा बाळाची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत खोक्यातच राहू द्या, रिकामी गव्हाणी घरच्यांना बघू द्या. निम्म्या भेटी रद्द करा. कुणी रुसलंच तर माझं नाव सांगा. भेटायला बोलवायची माणसं २८-२९ तारखेला बोलवा, एकेक करून, आणि त्यांच्यासमोर बसा. आणि गव्हाणी मांडायचं काम घरातल्या सगळ्यांत धसमुसळ्या मुलाला द्या.

मी ते भाच्याला दिलं. त्याने पहिल्याच वर्षी गाढव पाडलं, मग जीभ बाहेर काढून, अर्धा तास खपून कान चिकटवला. कान वाकडा बसलाय, जरा मागे वळून बघितल्यासारखा. मी तो तसाच ठेवला. चिठ्ठीवरचं ‘दोनदा’ मात्र त्याने खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘तीनदा’.