ऑटोमॅटिक गाडी ढिम्म वाटते? आधी हे करा

भाऊ, पेडल दाबलं तरी गाडी जरा उशिरा उचलते ना? घाबरू नका, बहुतेक वेळा गाडी बिघडलेली नसते. आता अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला तार नसते; सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, मग तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो. त्यात एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर मशीननं बदलणारी गाडी, असली की गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा खंड पडतोच.

कापसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना नवखे एकदम पेडल दाबतात, तिथंच फसतात. आधी गिअरचा दांडा मॅन्युअल मोडवर घ्या, एक गिअर खाली करा, ओढ जाणवली की मगच बाजूला काढा. अन् समोरून एसटी दिसली तर नाहीच.

इको मोड (इंधन वाचवायला गाडी मऊ चालवणारा) बंद ठेवा. एअर फिल्टर उघडून पाहा. पांदणीच्या धुळीनं माझा तर सहा महिन्यांतच काळा झाला होता, झटकला तर ढेकळंच पडली! पेडलला जोडायचा इलेक्ट्रॉनिक डबा (थ्रॉटल कंट्रोलर) इतक्यात घेऊ नका. त्यानं ताकद वाढत नाही, नुसता इशारा जोरात जातो.