'तूप जमलं' की 'तूप थिजलं'? इंदूरकरांचा नेहमीचा प्रश्न

'थिजलं'च. पातळ स्निग्ध पदार्थ गार होऊन घट्ट झाला की तो थिजतो: तूप, खोबरेल, डालडा. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, म्हणून इथल्या हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते. पाणी मात्र गोठतं, रक्त साकळतं, दही लागतं. आपण इंदूरवाले हिंदीच्या 'जम गया'वरून सगळ्यालाच 'जमलं' म्हणून मोकळे! 'तूप जमलं' म्हटलं की आमची आजी विचारायची, "कोणाशी गं?"

माणूसही थिजतो, पण थंडीने नव्हे (थंडीने गारठतो). 'बातमी ऐकून ती जागीच थिजली' म्हणजे धक्क्याने हालचालच थांबली. मुद्दाम घट्ट करायचं असेल तर 'थिजवणे'.