आजी, जिन आणि दम केलेलं पाणी

प्रश्न: सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात घडणारा 15 मिनिटांचा भयपट आम्ही करतोय. वारलेल्या आजीचा आत्मा नातीच्या अंगात शिरतो, मौलाना ताईत उगारून, लिंबू कापून त्याला हुसकावतात. संहिता वाचून एक मुस्लिम मित्र म्हणाला, ‘हे आमच्यातलं नाहीच.’ कुठं चुकलं?

उत्तर: आजीपाशीच. इस्लामी श्रद्धेत मेलेल्याचा आत्मा परतत नाही. कयामतीपर्यंत तो बरझखच्या, म्हणजे मृत्यू आणि कयामत यांच्यामधल्या अवस्थेच्या, पडद्याआड असतो. झपाटतो तो जिन: बिनधुराच्या आगीतून घडलेला, खाणारा-पिणारा, पोरंबाळं असलेला, मुसलमानही असू शकणारा जीव. आजीच्या आवाजात बोलला तर तो सरळ खोटं बोलतोय. मग आजीची गुपितं त्याला कळली कशी? माणसासोबत जन्मभर राहणाऱ्या ‘करीन’ जिनाकडून. त्यामुळे आजी ठेवा, फक्त ही आजी नव्हेच हे उशिरा उघडं पडू द्या. भीती तिथं आहे.

मौलानांचं दृश्य पाद्र्याच्या साच्यातून आलंय. ‘द एक्सॉर्सिस्ट’ हा हॉलिवूडचा भयपट तुर्कस्तानात 1974 मध्ये पुन्हा काढला, तेव्हाही ख्रिस्ती खुणांच्या जागी इस्लामी खुणा बसवल्या होत्या. रुकय्यात, म्हणजे कुराण म्हणून केलेल्या उपचारात, ताकद माणसाची नसते, कलामाची, अल्लाहच्या शब्दांची असते. मौलाना वुझू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, शांत बसतील, कुराणातले फातिहा, आयतुल कुर्सी, फलक, नास हे भाग म्हणतील आणि पेल्यातल्या पाण्यावर दम करतील, म्हणजे फुंकर घालतील. कॅमेरा तिथं न्या: फुंकर, पाण्यावरची बारीक थरथर, पेल्याच्या काठावर कडकडणारे नातीचे दात. आयतुल कुर्सी सावकाश म्हणायला मिनिटभर लागतं, ते कापू नका. मधेच वीज जाऊ द्या. मागाचा खडखडाट थांबला की खोलीत पठण तेवढं उरेल.

ते नटाकडून घोकून घेऊ नका, उच्चार चुकला की अर्थ बदलतो. एखाद्या हाफिजांकडून, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेल्यांकडून, वेगळं ध्वनिमुद्रण करून घ्या. आयती (कुराणातली वचनं) उलट्या वाजवणं, त्यांवर किंकाळ्या चढवणं अजिबात नको. लोक दुखावतील आणि ते रास्तच असेल.

लिंबू काढूनच टाका. ताईत गळ्यात राहू द्या, पुष्कळ घरांत दिसतो. पण अनेक उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, तो मंजूर नाही, तेव्हा जिन त्यानं पळायला नको.

मारहाण किंवा मिरचीची धुरी दाखवणार असाल तर गुन्हा म्हणूनच दाखवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं केल्यास 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात 6 महिने ते 7 वर्षं कैद आहे. घरातल्या कुणी धुरी पेटवलीच, तर मौलानांनी आधी ती विझवावी आणि खिडकी उघडावी.